वत्सनाभ कुल : एकाच कुळातील विष आणि शिशुभैषज्य

प्रास्ताविक

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. बाळघुटी व बालचातुर्भद्र चूर्ण यांसाठी आम्ही अतिविषेची नवी खरेदी केली होती. माल घाऊक व्यापाऱ्याकडून आला. पिशवीवर ‘अतिविष’ अशी चिठ्ठी होती व दरही बाजारभावाप्रमाणेच होता. कंद निवडताना आमच्या सहायकाने सहा-सात कंद बाजूला काढले. ते इतरांपेक्षा किंचित जाड आणि वरून काळसर होते. ग्रंथात सांगितल्याप्रमाणे रसपरीक्षा करावी म्हणून आम्हीच त्यास एक लहान तुकडा जिभेवर ठेवावयास सांगितले. त्याने तो क्षणभर चघळून थुंकला. पाचएक मिनिटांतच त्याच्या जिभेच्या टोकास व ओठांना मुंग्या येऊ लागल्या आणि पुढे दोन तास तो भाग बधिर राहिला. आम्ही त्यास तत्काळ रुग्णालयात नेऊन निरीक्षणाखाली ठेवले. सुदैवाने पुढे काही झाले नाही. तो कंद अतिविषेचा नव्हता, बचनागाच्या जातीचा होता.

ती पिशवी तशीच दळली गेली असती तर ते चूर्ण तान्ह्या बाळांच्या मुखात गेले असते, हा विचार आजही आमच्या मनातून जात नाही. व्यापाऱ्यास दोष देणे सोपे होते. परंतु चूक आमचीही होती. संशय आलेले द्रव्य आम्ही एका माणसाच्या जिभेवर ठेवले, आणि संशय का येतो, कोठे यावा, याचा शास्त्रीय विचार आम्ही तोवर कधी केलाच नव्हता. पदवी अभ्यासक्रमात द्रव्यगुणाच्या प्रत्येक द्रव्याखाली ‘कुल’ असा एक रकाना असे. अतिविषा – वत्सनाभ कुल, असे आम्ही पाठ केले, गुण मिळवले आणि विसरून गेलो. त्या एका शब्दात केवढा इशारा दडला आहे, हे कळण्यास ही घटना घडावी लागली.

प्रस्तुत लेखात या कुळाची वनस्पतिशास्त्रीय ओळख, त्याची उत्क्रांती आणि त्यातून वैद्य व औषधालय चालक यांनी घ्यावयाचा बोध यांचा विचार केला आहे.

कुलाची ओळख

वनस्पतिशास्त्रात या कुळास रॅनन्क्युलेसी म्हणतात. ज्या प्रजातीवरून हे नाव पडले ती रॅनन्क्युलस होय. लॅटिन भाषेत या शब्दाचा अर्थ ‘लहान बेडूक’ असा आहे, कारण यातील बऱ्याच जाती पाणथळ जागी वाढतात. इंग्रज जिला ‘बटरकप’ म्हणतात ती पिवळी चकचकीत फुले याच प्रजातीची. मराठी ग्रंथांतून या कुळास मोरवेल कुल असेही म्हटलेले आढळते. द्रव्यगुणाच्या ग्रंथांत मात्र वत्सनाभ कुल हेच नाव रूढ आहे.

या कुळात सुमारे ६० प्रजाती व २,५०० जाती आहेत. त्या मुख्यत्वे उत्तर गोलार्धाच्या समशीतोष्ण व थंड प्रदेशांत आढळतात. हिमालय आणि चीनच्या नैर्ऋत्येकडील पर्वतरांगा हे त्यांचे मोठे माहेरघर आहे. उष्ण प्रदेशात हे कुल विरळ होते. सह्याद्रीत त्याचे मोजकेच प्रतिनिधी आहेत. पावसाळ्यानंतर कुंपणांवर पांढऱ्या फुलांनी बहरणारी मोरवेल अर्थात रानजाई ही क्लेमॅटिस प्रजातीची. पावसाळा सरता सरता डोंगरउतारावरील गवतात फुलणारी निळवंती म्हणजे डेल्फिनियम मलबारिकम. ती पश्चिम घाटाबाहेर आढळत नाही. ज्यांनी निळवंतीच्या फुलामागील लांब शेपटी पाहिली असेल, त्यांनी वत्सनाभाची जवळची नातलग पाहिली आहे असे समजावे.

जुन्या वनस्पतिग्रंथांत या कुळास पहिले स्थान असे. हूकर यांचा ब्रिटिश हिंदुस्थानचा वनस्पतिकोश १८७२ ते १८९७ या काळात प्रसिद्ध झाला आणि थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याचा वनस्पतिकोश १९०१ ते १९०८ या काळात. दोहोंचा आरंभ याच कुळाने होतो. याचे कारण असे की, या कुळाचे फूल फार प्राचीन घडणीचे आहे, अशी त्या विद्वानांची धारणा होती. ती धारणा कितपत टिकली, हे पुढे पाहू.

पुष्परचना व फळे

या कुळातील बहुतेक वनस्पती लहान, ओषधी स्वरूपाच्या आहेत. मोरवेलीसारख्या काही वेली आहेत. पाने बहुधा हाताच्या पंजाप्रमाणे विभागलेली असतात आणि देठाचा तळ खोडास कवटाळून असतो.

फुलाचे मुख्य लक्षण म्हणजे त्याचे सर्व अवयव सुटे असतात. पुंकेसर अनेक असतात. किंजदलेही बहुधा एकाहून अधिक व परस्परांपासून मोकळी असतात. कित्येक जातींत हे अवयव मळसूत्राप्रमाणे वर वर चढत गेलेले दिसतात. पुष्कळदा आपण ज्यांना रंगीत पाकळ्या समजतो ती वस्तुतः संदले असतात. खऱ्या पाकळ्या लहान होऊन मकरंद साठविण्याचे काम करतात किंवा मुळीच नसतात. मोरवेलीच्या फुलाचे पांढरे चार भाग संदलेच होत.

वत्सनाभाच्या फुलात हीच योजना पुढे गेली आहे. पाच निळ्या-जांभळ्या संदलांपैकी वरचे एक शिरस्त्राणासारखे फुगलेले असते आणि त्याच्या आत दोन लांब देठांच्या मकरंदधारी पाकळ्या लपलेल्या असतात. तेथपर्यंत पोहोचण्याचे बळ व लांब सोंड केसाळ थोराड भुंग्यांपाशी असते. त्यामुळे परागीभवनासाठी ही प्रजाती या भुंग्यांवर अवलंबून राहिली आहे.

फळांचे दोन प्रमुख प्रकार आहेत. वत्सनाभ, अतिविषा व निळवंती यांत प्रत्येक किंजदलाची एक पेटिका होते, म्हणजे एका बाजूने उकलणारी अनेक बियांची लहान शेंगच. मोरवेलीत प्रत्येक किंजदलापासून एकबीजी, न उकलणारे फळ होते व त्यास पिसासारखी शेपटी राहते. वाऱ्यावर उडणारे हे पांढरे झुबके पुष्कळांनी पाहिले असतील. उपकुंचिका म्हणजे कलौंजी ही या दोहोंपासून थोडी वेगळी आहे. तिची किंजदले परस्परांस जुळून एकच बोंड तयार होते. कुळाचा नियम सुट्या किंजदलांचा असला तरी त्याच कुळात जुळण्याची वाटही अशी निघालेली आहे.

उत्क्रांती व आप्तसंबंध

जुन्या विद्वानांच्या मते हे कुल सर्व द्विदल वनस्पतींच्या मुळाशी होते. गेल्या तीन-चार दशकांत जनुकीय क्रमांचा अभ्यास झाला व त्या आधारे १९९८ पासून सपुष्प वनस्पतींचे नवे वर्गीकरण मांडले गेले. त्याची चौथी आवृत्ती २०१६ साली प्रसिद्ध झाली. त्यानुसार सर्वांत प्राचीन शाखांचा मान कुमुदवर्गीय व अन्य काही वनस्पतींकडे गेला आहे. चंपक, जातिफल, त्वक् व मरिच यांची कुळेही या कुळाच्या आधी फुटलेल्या फांदीवरची आहेत. त्यानंतर ज्यांच्या परागकणास तीन खाचा असतात असा सत्य द्विदलांचा महासमूह निर्माण झाला. त्या समूहात सर्वांत आधी वेगळी झालेली शाखा म्हणजे वत्सनाभ कुल व त्याचे आप्त होत. म्हणजे जुन्या धारणेत थोडी दुरुस्ती झाली, पण या कुळाचे प्राचीनत्व अबाधित राहिले.

याचा पुरावा शिलारूपातही आहे. चीनमधील लियाओनिंग प्रांतात सापडलेल्या एका जीवाश्माचे वर्णन २०११ साली प्रसिद्ध झाले व त्यास लीफ्रक्टस असे नाव देण्यात आले. तीन खंडांची पाने आणि देठाच्या टोकाला पाच किंजदलांचे फळ असलेली ही वनस्पती १२ कोटींहून अधिक वर्षांपूर्वीची आहे व तिचे साधर्म्य वत्सनाभ कुळाशी आहे. त्या काळी पृथ्वीवर डायनोसॉर वावरत होते आणि हिमालय अस्तित्वातही नव्हता.

वैद्यांच्या दृष्टीने अधिक रंजक भाग पुढे आहे. या कुळाच्या चुलत कुळांची नावे पाहिली तर आपल्या औषधालयाचे एक फडताळच डोळ्यांपुढे उभे राहते. दारुहरिद्रेचे कुल, गुडूची व पाठा यांचे कुल, अहिफेन व पिवळा धोत्रा यांचे कुल, ही सर्व याच गणात येतात. दारुहरिद्रा तर अगदी निकटची. दारुहरिद्रेचे काष्ठ, ममीऱ्याची मुळी व पिवळ्या धोत्र्याचे मूळ यांत बर्बेरीन हे एकच पिवळे, तिक्त अल्कलॉइड सापडते, हा योगायोग नाही. या गणाच्या समान पूर्वजाकडून आलेल्या रसायननिर्मितीच्या परंपरेचे ते चिन्ह आहे. नेत्ररोगांत दारुहरिद्रेपासून केलेले रसांजन आणि ममीरा ही दोन्ही द्रव्ये योजली जातात, याचे मूळही तेथेच असावे असे आम्हांस वाटते.

याउलट काही द्रव्ये या कुळातून बाहेरही गेली. युनानी वैद्यकातील ऊदसलीब म्हणजे पिओनिया पूर्वी याच कुळात गणली जाई. तिचे पुंकेसर आतून बाहेरच्या क्रमाने वाढतात, तर वत्सनाभ कुळात ते बाहेरून आत वाढतात. अशा भेदांवरून तिला वेगळे कुल दिले गेले आणि जनुकीय अभ्यासाने ती फार दूरची असल्याचे निश्चित झाले. फुलांच्या बाह्य साम्यावरून नाते ठरवता येत नाही, हा धडा येथे मिळतो.

कुळातील तीन रासायनिक वाटा

१९३२ साली स्वीडिश संशोधक लाँग्लेट यांनी या कुळातील वनस्पतींची गुणसूत्रे तपासली. काहींची गुणसूत्रे लहान, तर काहींची मोठी व वाकडी असल्याचे त्यांस आढळले. फळांवरून केलेली जुनी विभागणी या निरीक्षणाशी जुळेना. पुढे रसायनशास्त्र व जनुकशास्त्र या दोहोंनी गुणसूत्रांच्या बाजूने बराचसा कौल दिला. वैद्यांनी लक्षात ठेवण्यासाठी या कुळात तीन वाटा मानता येतील.

पहिली वाट बर्बेरीनची. कुळाच्या वृक्षावर आधी फुटलेल्या शाखा या वाटेवर आहेत. उत्तर अमेरिकेतील हायड्रास्टिस, अरुणाचल प्रदेशातील मिश्मी टेकड्यांत होणारी कॉप्टिस टीटा अर्थात मिश्मी तीता, आणि हिमालयात पीतरंगा वा ममीरी म्हणून ओळखली जाणारी थॅलिक्ट्रम या सर्वांच्या मुळ्या पिवळ्या व तिक्त असतात.

दुसरी वाट रॅनन्क्युलिनची. रॅनन्क्युलस, मोरवेल व ॲनिमोनी यांच्या ताज्या रसात हे ग्लायकोसाइड असते. पान चुरडले की त्यापासून प्रोटोॲनिमोनिन नावाचे उडनशील, अत्यंत दाहक द्रव्य तयार होते. त्वचेस लागल्यास फोड येतात. हिंदीत जलधनिया म्हणतात त्या वनस्पतीचा, तसेच मोरवेलीच्या ताज्या पानांचा दाह यामुळेच होतो. मात्र वनस्पती वाळली की हे द्रव्य उडून जाते अथवा ॲनिमोनिन या सौम्य द्रव्यात रूपांतरित होते. सारांश, हे विष ओल्या वनस्पतीत प्रखर असते व वाळवल्याने शमते.

तिसरी वाट डायटर्पिन वर्गातील अल्कलॉइडांची. वत्सनाभ, अतिविषा, निळवंती व निर्विषा यांचा उपसमूह या वाटेने गेला. वत्सनाभातील ॲकोनिटीन हे यांपैकीच. येथे वाळवण्याचा काही उपयोग होत नाही. वर्षानुवर्षे ठेवलेला कोरडा बचनागही प्राणघातक ठरतो.

एकाच कुळातील दोन विषांचे हे वर्तन परस्परविरुद्ध आहे. ‘जुने झाले, वाळले, आता काय होणार’ हा विचार मोरवेलीस लागू पडेल, बचनागास कदापि लागू पडणार नाही.

वत्सनाभ व अतिविषा : सख्खी भावंडे

ॲकोनाइटम प्रजातीत सुमारे ३०० जाती आहेत, त्यांपैकी २०० हून अधिक चीनमध्ये आहेत. हिमालय व तिबेटच्या उंच प्रदेशांत या प्रजातीचा मोठा विस्तार झाला. उंच दऱ्यांत उन्हाळा अल्प असतो. त्या थोड्या काळात अन्न साठवून हिवाळा जमिनीखाली काढावयाचा तर कंद हवा, आणि पिठूळ कंद वाचवावयाचा तर त्यास संरक्षण हवे. कंद व विष यांची जोडी या परिस्थितीत उपयोगी पडली असावी.

भारतीय जातींचा पद्धतशीर अभ्यास ऑटो स्टाफ यांनी केला व तो १९०५ साली प्रसिद्ध झाला. त्यापूर्वी अनेक जाती एकाच नावाखाली मिसळलेल्या होत्या. आज आयुर्वेदिक फार्माकोपियात वत्सनाभासाठी ॲकोनाइटम कॅस्मँथम व अतिविषेसाठी ॲकोनाइटम हेटेरोफायलम या जाती मान्य आहेत. बाजारात येणाऱ्या बचनागात नेपाळ-सिक्कीमकडील ॲकोनाइटम फेरॉक्सही असतो. प्रतिविषा म्हणून ॲकोनाइटम पामेटम अर्थात बिखमा घेतात.

एकाच प्रजातीतील एक जाती मारक आणि दुसरी शिशूंसाठी हितकर, हे कसे? याचे उत्तर रेणूच्या घडणीत आहे. अतिविषेतील अतिसीन, हेटिसीन इत्यादी अल्कलॉइड २० कार्बनी सांगाड्याचे आहेत. वत्सनाभातील ॲकोनिटीन १९ कार्बनी सांगाड्याचे असून त्यावर ॲसिटिल व बेन्झॉइल असे दोन एस्टर जोडलेले असतात. पहिला सांगाडा हा दुसऱ्याच्या निर्मितीतील आधीचा टप्पा मानला जातो. म्हणजे दोन्ही भावंडे एकाच वाटेने निघाली, परंतु वत्सनाभ त्या वाटेवर पुढे गेला. तीव्र विषाक्तता त्या दोन एस्टरांमुळे येते. ॲकोनिटीन हृदय व नाडीसंस्थेच्या पेशींतील सोडियमची द्वारे उघडी ठेवते. त्यामुळे प्रथम मुखात व बोटांत मुंग्या, नंतर बधिरता, वमन, दौर्बल्य, रक्तदाब उतरणे व शेवटी हृदयाची घातक अनियमित गती अशी लक्षणे काही मिनिटांत ते दोन तासांत उद्भवतात. शुद्ध ॲकोनिटीनची दोन मिलिग्रॅमएवढी मात्राही मनुष्यास मारक ठरू शकते.

आपल्या आचार्यांस हा भेद अनुभवाने ज्ञात होता. सुश्रुताचार्यांनी वत्सनाभाची गणना कंदविषांत करून त्याचे चार प्रकार सांगितले. चरकाचार्यांनी अतिविषेस लेखनीय व अर्शोघ्न महाकषायांत स्थान दिले, तसेच दीपन, पाचन, संग्राही व सर्वदोषहर द्रव्यांत तिला अग्र्य मानले. तिच्या पर्यायनामांतही परीक्षा सांगितली आहे. शुक्लकंदा म्हणजे पांढऱ्या कंदाची, भंगुरा म्हणजे सहज मोडणारी, घुणप्रिया म्हणजे किडीला आवडणारी. फार्माकोपियातील वर्णन याच्याशी जुळते. कंद २ ते ७.५ सेंटिमीटर लांब, खाली निमुळता, बाहेरून फिकट राखाडी व सुरकुतलेला असतो. तो सहज मोडतो. मोड पांढराशुभ्र व पिठूळ असतो आणि त्यावर मध्याकडे ४ ते ७ पिवळसर-तपकिरी ठिपके वर्तुळात दिसतात. चव कडू, पण मुंग्या मुळीच येत नाहीत.

पर्यायनामांनीच घोटाळाही केला आहे. अतिविषेचे एक नाव शृंगी. शृंगी नावाचे एक विषही आहे. आणि बालचातुर्भद्रातील कर्कटशृंगीसही संक्षेपाने शृंगी म्हणतात. एका शब्दाखाली विष, शिशुभैषज्य आणि तिसऱ्याच कुळातील एक द्रव्य अशी तिन्ही नांदतात. संस्कृत वा व्यापारी नावावर विसंबून खरेदी करणाऱ्याने हे विसरू नये.

शोधनाचा अर्थ

वत्सनाभाचे शोधन गोमूत्रात भिजत ठेवून व दुधात दोलायंत्राने स्वेदन करून केले जाते. आधुनिक दृष्टीने पाहता पाण्याच्या सान्निध्यात दीर्घकाळ उष्णता मिळाली की ॲकोनिटीनवरील एस्टर एकेक करून तुटतात. प्रथम बेन्झॉइलॲकोनीन, नंतर ॲकोनीन तयार होते व प्रत्येक पायरीला विषाक्तता पुष्कळ घटते. काही अल्कलॉइड त्या द्रवातही उतरतात. चिनी वैद्यकात त्यांच्याकडील ॲकोनाइटमचा कंद दीर्घकाळ उकळण्याचा दंडक आहे, त्याचे रहस्यही हेच.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, शोधनात काळ व उष्णता यांत काटकसर करणे म्हणजे शोधन न करणे होय. दुसरी, शोधनानंतर उरलेले गोमूत्र व दूध हेही विषयुक्त असते. ते गुराढोरांच्या वा कोणाच्या मुखी जाणार नाही अशा रीतीने नष्ट करावे. त्रिभुवनकीर्ती, आनंदभैरव, मृत्युंजय रस व संजीवनी वटी हे वत्सनाभयुक्त कल्प आपल्या नित्य वापरातील आहेत. त्यांचे यश संपूर्णपणे या एका संस्कारावर अवलंबून आहे.

नाव एक, कुळे अनेक

मूर्वा हे याचे बोलके उदाहरण आहे. महाराष्ट्रात मूर्वा म्हणून मोरवेल घेण्याची प्रथा आहे व ती वत्सनाभ कुळातील आहे. फार्माकोपियाने मूर्वा म्हणून मार्सडेनिया टेनॅसिसिमा ही रुईच्या गटातील वेल स्वीकारली आहे. केरळात तिसरीच, कोनेमॉर्फा ही वेल वापरतात. तिन्हींच्या प्रजाती वेगळ्या, म्हणून रसायने वेगळी. तेव्हा एकीवरील संशोधनाचे निष्कर्ष दुसरीस लावता येत नाहीत.

उपकुंचिकेचे तसेच. कलौंजीस काही भागांत काळे जिरे म्हणतात. शहाजिरे हे खऱ्या जिऱ्याच्या कुळातील, तर कडू कारळी अर्थात काळी जिरी हे सूर्यफुलाच्या कुळातील द्रव्य आहे. शिवाय कलौंजीत कांद्याचे बी मिसळलेले आढळते. दोन्ही काळी व कोनदार असतात, परंतु कलौंजी चुरडल्यास तिचा विशिष्ट सुगंध येतो, कांद्याच्या बियांस तो नसतो. कलौंजी वत्सनाभ कुळातील असूनही तिच्यात ॲकोनिटीन नाही. तेव्हा कुल एक म्हणून सर्व विषारी असेही समजू नये. कुल केवळ कोठे सावध राहावे हे सांगते, अंतिम निर्णय जातीच्या ओळखीवरच होतो.

निर्विषा अर्थात जदवार हे डेल्फिनियम डेन्युडेटम. युनानी वैद्यकात ते बचनागाचा उतारा मानले जाते. नात्याने ते बचनागाच्या उपसमूहातील असून कंदही साधारण तसेच दिसतात. येथे चूक झाल्यास उताऱ्याऐवजी विषच पोटात जाईल.

दुर्मिळता व भेसळ

अतिविषेसाठी संपूर्ण कंद उपटावा लागतो, म्हणजे झाडच जाते. बी धरण्यापूर्वी खोदले तर पुढची पिढीही जाते. परिणामी आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या लाल यादीत अतिविषा संकटग्रस्त आणि ॲकोनाइटम कॅस्मँथम अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदले गेले आहेत. पुरवठा आटला की भाव चढतो आणि भाव चढला की एकाच उतारावर वाढणारे दुसरे कंद त्याच पोत्यात येऊ लागतात. हे नेहमी लबाडीनेच होते असे नाही. खोदणीच्या वेळी फुले गळून गेलेली असतात, आणि कुळाची सर्व खूण तर फुलात होती.

औषधालयासाठी काही सूचना

१. खरेदीपत्रावर केवळ ‘अतिविष’ न लिहिता ॲकोनाइटम हेटेरोफायलम असे पूर्ण नाव व फार्माकोपियाचा निकष लिहावा. तोच विक्रेत्याच्या देयकावरही असावा, असा आग्रह धरावा.

२. अतिविषा नेहमी अखंड कंदाच्या स्वरूपातच घ्यावी. चूर्ण वा तुकडे घेऊ नयेत.

३. प्रत्येक पोत्यातील कंद पसरून निवडावेत. काळसर, जड, शिंगासारखे कठीण वा मोडताना पांढरे-पिठूळ न निघणारे कंद आढळल्यास केवळ ते वेगळे न करता संपूर्ण माल अडवून ठेवावा.

४. संशयित कंदाची चव कोणीही घेऊ नये. ग्रंथोक्त रसपरीक्षा ही खात्रीच्या द्रव्याचे वर्णन म्हणून समजावी. हाताळताना हातमोजे वापरावेत. निर्णय सूक्ष्मदर्शक व पातळ थर वर्णलेखन या परीक्षा करणाऱ्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून घ्यावा.

५. अतिविषा व वत्सनाभ यांची साठवण वेगवेगळ्या कपाटांत करावी. खल, चाळणी व चक्की स्वतंत्र ठेवावी. वत्सनाभ कुलुपात असावा. औषधे नियम, १९४५ च्या परिशिष्ट ‘ई-१’ मध्ये वत्सनाभाचा समावेश आहे व अशा द्रव्यांच्या कल्पांवर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापणे बंधनकारक आहे, हे ध्यानात ठेवावे.

६. वत्सनाभयुक्त कल्प घेणाऱ्या अथवा अतिविषा दिलेल्या रुग्णाने मुखात मुंग्या, बधिरता वा धडधड सांगितल्यास त्यास घरगुती उतारा देत न बसता हृदयलेखाची सोय असलेल्या रुग्णालयात तत्काळ पाठवावे. उरलेले औषध सोबत द्यावे.

७. शक्य तेथे लागवडीतील, उगमाची नोंद असलेला माल घ्यावा. तो महाग पडला तरी त्यात ओळखीची हमी व वनस्पतीचे रक्षण ही दोन्ही साधतात.

उपसंहार

वनस्पतीची उत्क्रांती हा विषय आपल्या नित्य व्यवहारापासून दूरचा वाटतो. परंतु १२ कोटी वर्षांच्या या वंशावळीत बर्बेरीन कोठे राहिले, दाहक रस कोठे आला आणि ॲकोनिटीन कोणत्या फांदीवर निर्माण झाले, हे कळले की द्रव्यगुणातील ‘कुल’ हा रकाना जिवंत होतो. दोन द्रव्ये जितकी निकटची, तितकी त्यांची रूपे सारखी आणि तितकाच त्यांतील गुणभेद धोक्याचा. अतिविषा व वत्सनाभ यांच्याबाबतीत हा भेद दोन एस्टरांचा आहे, आणि त्या दोहोंच्या अलीकडे-पलीकडे बाळाचे आरोग्य व बाळाचा मृत्यू उभे आहेत.

आमचा तो सहायक आज आमच्या औषधालयातील कच्च्या मालाची सर्व परीक्षा स्वतः पाहतो. अतिविषेचे पोते आले की तो प्रत्येक कंद मोडून ठिपके मोजतो, आणि जिभेला काहीही लावू देत नाही. आपल्या संघटनेच्या प्रत्येक सभासदाच्या औषधालयात हीच शिस्त लागावी, एवढीच आमची नम्र अपेक्षा आहे.